दप्तर शाबूत, नोंद कोरी



वाळूज औद्योगिक क्षेत्राच्या कुशीत वसलेले बजाजनगर ही प्रामुख्याने कामगारांची वसाहत. 1985 साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही वस्ती वाढत गेली. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग वरून कितीही चकचकीत असला, तरी त्याच्या आत तडा असेल तर तो निरुपयोगी ठरतो, हे येथील कामगाराला सांगावे लागत नाही. संगणकात साठविलेल्या नोंदींनाही असाच न दिसणारा तडा जाऊ शकतो. आज जन्माची नोंद, घरपट्टीची आकारणी, शाळेचा दाखला आणि 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, असे सारे काही सर्व्हरच्या स्वाधीन झाले आहे. म्हणून या तड्याची ओळख प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याला, शिक्षकाला आणि कर्मचाऱ्याला असणे अगत्याचे आहे.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात दप्तरे रुमालात बांधून ठेवलेली असत. कोणते दप्तर कोणत्या फळीवर आहे, हे अभिलेखपालाला ठाऊक असे. सर्व्हरमध्ये हेच काम फाईल-व्यवस्था करते. कोणती नोंद कोठे आहे, ती किती लांबीची आहे आणि तिच्यात कोठे मजकूर व कोठे रिकामी जागा आहे, याचा हिशेब तिच्यापाशी असतो. अभिलेखपालाच्या शब्दावर सर्वांचा विश्वास असतो. तोच चुकला तर दप्तर शाबूत दिसते आणि आतील नोंद मात्र कोरी निघते.

2023 सालच्या अखेरीस नेमके असेच घडले. माहितीच्या सुरक्षिततेबद्दल जगभर नावाजलेली ‘झेडएफएस’ ही फाईल-व्यवस्था अनेक मोठे सर्व्हर वापरतात. तिची ‘ओपन झेडएफएस 2.2.0’ ही आवृत्ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये निघाली. त्यानंतर ‘गेंटू लिनक्स’ वापरणाऱ्या काही जणांना आढळले, की नकल केलेल्या काही फाईलींत मजकुराच्या जागी केवळ शून्ये आहेत. मूळ फाईल मात्र निर्दोष होती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नकल करणारा प्रोग्राम आधी फाईल-व्यवस्थेला विचारतो, “यातील कोरी पाने कोणती?” जी पाने कोरी असतील ती तो उतरवीत नाही, म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही वाचतात. परंतु नुकताच लिहिलेला मजकूर डिस्कवर उतरण्यापूर्वी काही क्षण संगणकाच्या स्मृतीतच असतो. नेमक्या त्या क्षणी प्रश्न आला, तर फाईल-व्यवस्था क्वचित “येथे काहीच नाही” असे चुकीचे उत्तर देत असे. नकल करणारा त्यावर विश्वास ठेवी आणि पान कोरेच राही. झेडएफएस प्रत्येक नोंदीला पडताळणी-अंक देते, परंतु येथे तोही उपयोगी पडला नाही. जे लिहिले गेले ते जसेच्या तसे टिकले आहे, एवढेच पडताळणी-अंक सांगतो. मुळात योग्य तेच लिहिले गेले की नाही, हे त्याला कळत नाही.

प्रथम संशय गेला तो नव्या आवृत्तीतील ‘ब्लॉक क्लोनिंग’ या सोयीवर. नोव्हेंबरमध्ये 2.2.1 ही आवृत्ती काढून ती सोय बंद करण्यात आली. परंतु दोष ती सोय नसलेल्या जुन्या आवृत्त्यांतही असल्याचे दिसून आले. तो कित्येक वर्षे दडून होता. नकल करण्याच्या ‘सीपी’ या साधनाची रीत 2021 साली बदलली आणि कोऱ्या जागांची विचारणा वाढली, तेव्हा तो वारंवार उघडा पडू लागला. अखेर 30 नोव्हेंबर 2023 रोजी 2.2.2 व 2.1.14 या आवृत्त्यांमधून मूळ दोषावर इलाज झाला. स्मृतीत अद्याप न उतरवलेला मजकूर आहे काय, ही तपासणीच दुरुस्त करण्यात आली. पहिला संशयित सापडला म्हणजे तपास पूर्ण झाला असे होत नाही, हा येथील धडा होय.

पुढच्याच महिन्यात दुसरा धडा मिळाला. लिनक्सच्या ‘ईएक्सटी-4’ या फाईल-व्यवस्थेतील एक दुरुस्ती जुन्या 6.1 शाखेत उतरविण्यात आली. परंतु ती ज्या जोडीच्या बदलावर अवलंबून होती, तो बदल मागे राहिला. त्यामुळे 6.1.64 या आवृत्तीत विशिष्ट प्रकारे लिहिताना पुढील मजकुराची जागा चुकू लागली. इलाजच अपाय ठरला. ‘डेबियन’ या संस्थेने 9 डिसेंबर 2023 रोजी आपली 12.3 ही आवृत्ती रोखून धरली आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसह 12.4 प्रसिद्ध केली. दोष कळताच तुकडी थांबविणे हा कारखान्यातील नियम येथेही कामी आला.

या दोन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. दुरुस्ती पुढील हानी थांबवते, परंतु गेलेली नोंद परत आणीत नाही. कल्पना करा, एखाद्या ग्रामपंचायतीने जन्मनोंदीची फाईल नव्या सर्व्हरवर नकल करून जुनी पुसून टाकली. दोन वर्षांनी एक आई मुलीच्या शाळाप्रवेशासाठी दाखला मागावयास आली, तेव्हा पान उघडले ते कोरे. त्या वेळी कोणतीही नवी आवृत्ती कामास येणार नाही.

म्हणून काही पथ्ये पाळणे हिताचे ठरेल. नकल पूर्ण झाली की नोंदींची संख्या आणि पडताळणी-अंक मूळ फाईलशी ताडून पाहावेत व त्यानंतरच मूळ प्रत हलवावी. एक राखीव प्रत दुसऱ्या इमारतीत असावी आणि ती ठराविक काळाने प्रत्यक्ष उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली थैली. नवी आवृत्ती प्रथम चाचणीच्या संगणकावर चालवावी, करवसुलीच्या धामधुमीत ती बसवू नये. कोणती आवृत्ती कोणत्या दिवशी बसविली, याची साध्या वहीत नोंद ठेवावी. दोषाची शंका येताच लेखन थांबवावे, जुन्या राखीव प्रतींवर नव्या प्रती चढवू नयेत आणि जिल्ह्याच्या तांत्रिक अधिकाऱ्यांना त्वरित कळवावे.

झेडएफएसमधील दोष उघडकीस आला, कारण कोणीतरी नकल उघडून पाहिली आणि आढळलेली चूक न लपविता सर्वांसमोर मांडली. चूक कळविणाऱ्याला दोष न देण्याची ही रीत कार्यालयांनीही अंगी बाणवावी. यंत्र बदलले तरी अभिलेखपालाचा धर्म बदललेला नाही. नागरिकाने विश्वासाने सोपविलेली नोंद, त्याने मागताच, जशी दिली तशी त्याच्या हाती पडली पाहिजे.