चहाचे आठ कप

चहा हातात असेल तर उत्तमच, कारण आजची गोष्ट चहाचीच आहे.

१९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाई होत्या. कपात आधी दूध ओतलंय की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं, असं त्या म्हणत. (आपल्याकडे दूध घालूनच चहा उकळतो, त्यामुळे हा वादच उद्भवत नाही!) ऐकणारा हसून सोडून देईल. पण तिथे होते संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर. १९३५ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हीच परीक्षा मांडली.

आठ कप. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, म्हणजे मांडणाऱ्याच्या सवयीवरून उत्तर ओळखता येणार नाही. बाईंनी दूध आधी घातलेले चार कप ओळखायचे. आता आठांतून चार कप निवडायचे ७० प्रकार होतात. निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक, दीड टक्क्याहूनही कमी. पण सहाच कप बरोबर आले तर? ऐकायला भरघोस वाटतं. मात्र निदान इतकं यश नुसत्या नशिबानेही सत्तरात सतरा वेळा मिळतं. म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के! अशा परीक्षांत नशिबाच्या शक्यतेची रूढ मर्यादा पाच टक्क्यांची. तेव्हा सहा कपांवर बाईंचा दावा मान्य होत नाही. खोटाही ठरत नाही.

बाईंनी किती कप ओळखले, ते मात्र फिशर यांनी पुस्तकात लिहिलेलंच नाही.