सेसानची पहिली तीन पावले
(नागरा येथे कराटे प्रशिक्षकांच्या संमेलनात केलेले अध्यक्षीय भाषण)



महाशिवरात्रीची जत्रा भरणाऱ्या या गावाने आज कराटेवाल्यांना जागा दिली, त्याबद्दल नागऱ्याच्या गावकऱ्यांचे आधी आभार मानतो.

नागरा ते गोंदिया जेवढे अंतर आहे, साधारण तेवढेच अंतर ओकिनावा बेटावर शुरी आणि नाहा यांच्यात आहे. तोमारी तर नाहाला लागूनच. आज ही तिन्ही एकाच नाहा शहरात सामावली आहेत. दोन वेगळ्या स्टाइलचे विद्यार्थी समोरासमोर आले की एकमेकांना परके समजतात, तेव्हा मला हा एवढासा टापू आठवतो. आपल्या सगळ्यांच्या कराटेचे मूळ तिथे आहे.

नाती सांगतो. शुरीचे आन्को इतोसू आणि नाहाचे कानरियो हिगाओन्ना हे दोन गुरू. इतोसूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावाच्या शाळांत कराटे नेले आणि मुलांसाठी पिनानचे पाच काते, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, बसवले. हिगाओन्ना चीनमधल्या फुचौला जाऊन शिकून आले होते. शोतोकान स्टाइलचे गिचिन फुनाकोशी इतोसूंकडे शिकले, गोजू-रियूचे चोजुन मियागी हिगाओन्नांकडे. केन्वा माबुनी मात्र दोघांकडेही शिकले आणि आपल्या शितो-रियूच्या नावात त्यांनी दोन्ही गुरूंना जागा दिली. म्हणजे शितोवाला शोतोकानचाही गुरुबंधू आणि गोजूचाही. वाडो-रियूचे हिरोनोरी ओत्सुका आधी जुजुत्सूचे जाणकार होते. १९२२ साली फुनाकोशी प्रात्यक्षिकासाठी टोकियोला आले, त्यानंतर ओत्सुका त्यांचे शिष्य झाले. पुढे मतभेद होऊन ते वेगळे झाले, पण वाडोच्या कात्यांत फुनाकोशींचा हात स्पष्ट दिसतो. खुद्द फुनाकोशींना तर कराटेचे पंथ पडणेच मान्य नव्हते. ‘शोतोकान’ हे शिष्यांनी त्यांच्या दोजोला दिलेले नाव, आज ते एका स्टाइलचे झाले आहे.

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर सेसान हा काता पाहा. गोजूत तो सेसान, वाडोत सेशान आणि शोतोकानमध्ये हांगेत्सू. शितोतही तो आहे. शोतोकानच्या कितीतरी मुलांना आपण हांगेत्सू करतो तेव्हा गोजूच्या सेसानचाच भाऊबंद करतो, हे ठाऊक नसते. चौघांचीही सुरुवात बघा: पाय अर्धवर्तुळात सरकवत तीन पावले पुढे, प्रत्येक पावलाला आधी अडवणे, मग ठोसा. गोजूचा विद्यार्थी सानचिन या पवित्र्यात उभा राहतो, पोट आणि मांड्या आवळतो, श्वास ऐकू येतो. शोतोकानवाला पाय लांब टाकतो, हालचाल संथ ठेवतो, पण गुडघे आत वळवून जमीन धरतो. पुढे वळणे, लाथा, शेवट सारे निराळे होत जाते. ती तीन पावले मात्र टिकली. नाहाकडून आणि शुरीकडून, दोन वेगळ्या वाटांनी ती आपल्यापर्यंत आली. मला या कात्यात कराटेचा सगळा इतिहास दिसतो. म्हणून हा काता मी मनापासून शिकवतो.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. बोधिधर्म या भारतीय बौद्ध भिक्षूमुळे कराटे मुळात भारताचे, असे आपल्याकडे अनेक क्लासांत सांगतात. ऐकायला अभिमान वाटतो, पण त्याला भक्कम ऐतिहासिक पुरावा नाही. मुलांना गुरुपरंपरा सांगायची तर खरी सांगूया.

आता आपल्या गोंदिया जिल्ह्याकडे येतो. धानाच्या बांधावर राबणारा बाप मुलीच्या क्लासची फी भरतो, ग्रेडिंगची फी वेगळी भरतो. मुलगी निळ्या बेल्टपर्यंत पोचते. मग कुटुंब देवरीहून गोंदियाला येते, किंवा गावातला क्लास बंद पडतो. नव्या क्लासात सांगतात, तुमची स्टाइल वेगळी, पांढऱ्या बेल्टपासून सुरू करा. ही मुलगी बहुधा मैदान सोडते. इतर स्टाइलमधला पिनान निदान आणि शोतोकानमधला हेआन शोदान हा मुळात एकच काता आहे, हे माहीत असलेला प्रशिक्षक तिला असे कसे सांगू शकतो? उभे राहण्याची पद्धत, हाताची उंची, एवढे नीट करून घ्यायला थोडे महिने लागतात. तेवढे घ्यावेत, पण तिची वर्षे पुसू नयेत.

वेगळ्या परंपरांनी एकत्र येणे काही नवे नाही. ऑक्टोबर १९३६ मध्ये नाहात चोमो हानाशिरो, चोतोकू क्यान, चोकी मोतोबू आणि मियागी असे वेगवेगळ्या परंपरांचे गुरू एका बैठकीत बसले आणि ‘कराटे’ हे नाव कसे लिहायचे यावर त्यांनी एकमत केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या विदर्भातले, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवत होते. त्या मंडळाच्या मैदानावर मल्लखांब, लाठी आणि कुस्ती शेजारी शेजारी नांदले, आणि कुणाचे वळण बिघडले नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. दुसऱ्या स्टाइलमधून आलेल्या मुलाची परीक्षा घेऊन त्याचा योग्य तो बेल्ट कायम ठेवावा, असा ठराव संध्याकाळच्या सत्रात आपण करावा. आणि त्याआधी, जेवणानंतर, चारही स्टाइलच्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी एका रांगेत उभे राहून आपापला सेसान करावा. पहिल्या तीन पावलांसाठी मोजणी मी देईन.