मागून आणलेला ट्रेलर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी काय बोलणार, असे मी म्हटले होते. पण सेक्रेटरीबाई म्हणाल्या, तो ट्रक कसा हलविला तेवढे सांगा. तर तेवढेच सांगते.

मंडळाच्या खोलीमागे आमच्या थोरल्या जाऊबाईंचा ट्रक अकरा वर्षे उभा होता, हे आपण सर्वजणींनी पाहिले आहे. भाऊजी होते तोवर देवरीवरून रायपूरपर्यंत तांदळाच्या खेपा व्हायच्या. ते गेले आणि चाके मातीत रुतली. पावसाळ्यात टायरांत पाणी साचे. डेंग्यूचा डास अशाच साचल्या पाण्यात वाढतो. आठदहा दिवसांत अंड्याचा डास होऊन उडतो. शेजारी अंगणवाडी! पण जाऊबाईंना तोंडावर कोण सांगणार? कबाडी एका दिवसात गॅसने कापून न्यावयास तयार होता. जाऊबाई म्हणाल्या, "ने बाई तो. पण माझ्या डोळ्यांपुढे कापू नको."

म्हणजे ट्रक अख्खा न्यावयाचा!

आधी कागद. आर.सी. बुक भाऊजींच्याच नावे होते. मालक वारला की तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावासाठी अर्ज करावा, असा नियम आहे. दुःखाच्या घरात हे कोणाला सुचते? पण नाव चढल्याशिवाय पुढचे काही होईना. थकलेला करही भरावा लागला. गोंदियाच्या फेऱ्यांत दोन महिने गेले. कित्येकजण म्हणाले, कशाला एवढी यातायात, द्या कबाड्याला. पण तसे दिले तर गाडी मोडते आणि नंबर मात्र आपल्याच नावावर जिवंत राहतो. उद्या तो नंबर भलत्याच गाडीला लागला, तर पोलीस आपल्या दारी. सन २०२१ मध्ये केंद्र सरकारने यासाठी नियम केले. नोंदणी असलेल्या केंद्रात गाडी दिली की दाखला मिळतो, त्यावर नंबर रद्द होतो. नवी मालगाडी घेणाऱ्यास त्या दाखल्यावर करात १५ टक्क्यांपर्यंत सूटही ठेवली आहे.

आता वाहन. रिकामा ट्रक झाला तरी पाचएक टन. आपल्या धानाच्या ट्रॉलीचे ते काम नव्हे. उन्हाळ्यात मामा तलावांचा गाळ काढावयास पोकलेन येते. ते साखळीवर चालते म्हणून डांबरी रस्त्याने ट्रेलरवर आणतात, आणि एकदा तलावात उतरले की ट्रेलर रिकामाच उभा. शेजारच्या गावी असा ट्रेलर होता. आम्ही चौघीजणी मालकाच्या आईकडे गेलो. त्या म्हणाल्या, "नेता त न्या जी. डिझेल अन् ड्रायव्हरचा भत्ता तुमचा. पण शुक्रवारी पोकलेन हलवायची आहे. त्याच्या आत नाही आला, त पोकलेनचा खाडा तुम्ही भरून द्यायचा." बोलणे चोख. मला आवडले.

बुधवारी चाकांभोवतीची माती खणली, जॅक लावला. ब्रेक गंजून धरले होते. त्यावर मिस्त्रीची सकाळ गेली. काळे तेल डब्यात काढले, बॅटरी वेगळी ठेवली. तारेने ट्रक वर ओढताना मुलांना अंगणवाडीत कोंडूनच ठेवले, कारण ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी फिरते. वर चढल्यावर चाकांना पाचरी, चारी कोपऱ्यांना साखळ्या. जाऊबाई घरातच होत्या. ट्रेलर निघता निघता बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तो भोंगा काढून द्या." रबरी फुगा केव्हाच फाटला होता; नुसते पितळ होते. ते पदराखाली घेऊन आत गेल्या.

गुरुवारी संध्याकाळी ट्रेलर परत आला. साखळ्या मोजल्या, गंज झाडला. एक पाचर वाटेत पडली होती. सुताराकडून नवी करविली आणि मगच ट्रेलर पाठविला. त्या आईंनी ती पाचर हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "आमचीपेक्षा ही बरी आहे." त्या आज येथे दुसऱ्या रांगेत, जाऊबाईंच्या शेजारी बसल्या आहेत.