आठ नावांचा कागद

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात पूर्णा येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. मी आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवले, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला. काल रात्री चहाच्या वेळी निदान चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "ते थुंकी पाठवून पूर्वज शोधतात म्हणे, ते खरं असतं का रे?" या चौघांचीही मुले परदेशात आहेत. आपल्यातल्या एका मित्राला मुलीने अमेरिकेत तपासणीची पेटी भेट दिली. तिकडे गेला असताना त्याने नळीत थुंकी दिली आणि काही आठवड्यांनी अहवाल आला. त्यात ९९ टक्के दक्षिण आशियाई असे लिहिले होते. तो मला म्हणाला, "एवढं तर मला आरशात बघूनही कळत होतं. माझे आजोबा कोणत्या गावाहून पूर्णेला आले, ते यात कुठं लिहिलंय?"

त्याचा प्रश्न चेष्टेचा नाही. आपले पूर्णा हे रेल्वेचे गाव. निजामाच्या काळात मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाइन झाली, पुढे हिंगोली-अकोल्याकडचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. लोको शेडमुळे फायरमन, फिटर, खलाशी, गँगमन अशी माणसे चहूकडून आली. आपल्या वर्गाच्या हजेरीपटात मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणाऱ्या घरांची मुले एका बाकावर होती. ज्यांची शेती जवळच्या खेड्यात होती त्यांना मूळ गाव ठाऊक होते. क्वार्टरमधल्या कित्येकांना मात्र "आम्ही पूर्णेचे" एवढेच माहीत. ब्रॉडगेज झाल्यावर ती क्वार्टरची वस्तीही विरळ झाली. म्हणून त्याला आधी ही तपासणी काय करते ते सांगतो.

माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. घरगुती तपासणीत ती सगळी वाचत नाहीत. माणसामाणसांत जिथे फरक पडतो अशा साधारण सहा-सात लाख जागा वाचतात. मग कंपनीकडे जगभरच्या लोकांचे नमुने असतात, त्यांच्याशी तुमची अक्षरे ताडून पाहतात. ज्यांच्याशी जास्त जुळतात, तो तुमचा टक्का. म्हणजे ही तुलना आज जिवंत असलेल्या माणसांशी आहे. तुमचे खापरपणजोबा दोनशे वर्षांपूर्वी कुठे राहत होते याची नोंद कुठल्याच पेशीत नसते. कंपनीने नमुन्यांचा साठा वाढवला की तुमचे टक्के बदलतात; तुम्ही मात्र तेच असता. या कंपन्यांच्या साठ्यात युरोपीय वंशाच्या लोकांची संख्या फार मोठी आहे, म्हणून आयर्लंडच्या माणसाला जिल्ह्यापर्यंत उत्तर मिळू शकते आणि आपल्याला त्या मानाने फार ढोबळ उत्तर मिळते. आपल्या देशात जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे १० हजार भारतीयांचे जीनोम वाचून जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली केली. पुढे चित्र थोडे बारीक होईल. तरी त्यात गावाच्या वेशीवरची पाटी दिसणार नाही.

दुसरी गोष्ट नात्यांची. तपासणीत "तुमचे जुळणारे नातेवाईक" अशी यादी येते. सख्ख्या चुलत भावंडात सुमारे आठवा हिस्सा डीएनए सामाईक असतो. आपल्या भाषेत चुलत, आते, मामे आणि मावस अशी चार नाती आहेत. अहवालात चौघेही एकच. त्यात आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या ठराविक घरांतच सोयरिकी होतात. त्यामुळे सामाईक हिस्सा वाढतो आणि लांबचा नातेवाईक जवळचा वाटू लागतो. यादीत नाव दिसले की लगेच कुणाला फोन लावू नका, एवढेच सांगतो.

मग ही तपासणी बिनकामाची आहे का? तसेही नाही. प्रश्न एका माणसाचा नसून एका समूहाचा असेल, तर डीएनए फार मोलाची साक्ष देतो. आपल्याच मराठी समाजातले उदाहरण सांगतो. कोकणातले बेने इस्रायली लोक घरात मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आपले पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा. कागद मात्र एकही नाही. पुढे त्यांतले बरेच जण इस्रायलला गेले, तेव्हा "तुम्ही खरोखर ज्यू का?" असा प्रश्न तिथे त्यांना विचारला गेला. लग्नाच्या बाबतीत अडवणूक झाली, आंदोलने झाली आणि १९६४ मध्ये त्यांना बरोबरीचे स्थान मान्य झाले.

२०१६ मध्ये त्यांच्यातल्या १८ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक इथल्या भारतीयांसारखे आहेत आणि मध्यपूर्वेतल्या ज्यूंशीही त्यांचे खरे नाते आहे, असे त्यात दिसले. तो संगम १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे गेल्या हजारेक वर्षांत झाला. ज्यू वारसा जास्त करून पुरुषांकडून आला होता आणि इथला वारसा जास्त करून स्त्रियांकडून. म्हणजे कथेत वाचलेली जोडपी होती. डीएनए मात्र कोकणातल्या स्थानिक आयांची आठवण देतो, ज्या त्या कथेत कुठेच नव्हत्या. एवढे मोठे काम विज्ञानाने केले. तरीही त्या समाजातल्या एखाद्या घराचे गाव कोणते, हे सांगायला पेणकर, किहीमकर अशी आडनावेच उपयोगी पडतात. समूहाची गोष्ट डीएनएने सांगितली, घराची गोष्ट नावाने.

आता जरा नाजूक बोलतो. गेली दोन-तीन वर्षे आपल्या मराठवाड्यात 'वंशावळ' हा शब्द घरोघरी पोचला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी, उर्दू कागद धुंडाळले जाऊ लागले. तेव्हा एका तरुणाने मला विचारले होते, "सर, रक्त तपासून जात निघत नाही का?" दाखल्यासाठी कागदाची नोंद लागते, नळीतली थुंकी चालत नाही, हे झाले कायद्याचे उत्तर. विज्ञानाचे उत्तर त्याहून मोठे आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या ७३ समूहांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशात लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते आणि नंतर ही सरमिसळ बरीच थांबली, असे त्यांना दिसले. जवळजवळ सगळ्या समूहांच्या अंगात तीच मिसळ आहे, प्रमाण तेवढे वेगळे. आणि जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, ही गोष्ट बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडली होती. तेव्हा डीएनएची रचनाही कुणाला माहीत नव्हती. जात माणसांनी लग्नाच्या कुंपणाने बांधली. ती अक्षरांत आधीपासून लिहिलेली नव्हती. पूर्णेत हे सांगायला मला विशेष आनंद होतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर उभा आहे, तिच्याकडे येतो.

वंशावळ म्हणून जो कागद आपण काढतो, त्यात कुणाची नावे असतात? बाप, आजा, पणजा, खापरपणजा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्या घराण्यांच्या नामावळी असतात. तिथे जाऊन आलेल्यांनी पाहिले असेल, आजोबांच्या हातची सही सापडते आणि अंगावर काटा येतो. पण त्या वंशावळीत बाई फार क्वचित सापडते. शरीराचा हिशेब मात्र वेगळा आहे. पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचा भाग असतो, त्याचा स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात ही आयांची अखंड रांग आहे. कागदाने ज्यांना वगळले, त्यांना शरीराने सांभाळले. फक्त त्यांची नावे शरीराला ठाऊक नाहीत.

माझ्या घरचे सांगतो. आजोबा रेल्वेत होते. त्यांचे नाव, वडिलांचे नाव, भरतीची तारीख, सगळे सर्व्हिस बुकात आहे. आजीला घरात सगळे 'मोठीआई' म्हणत. रेशनकार्डावर सासरचे, लग्नात बदललेले नाव. माहेरचे नाव माझ्या वडिलांनाही आठवत नव्हते. आमच्या आत्याबाई पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या दिवाळीत त्यांना विचारले, तर डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "तिचं नाव सोनाई. माहेर ताडकळसकडचं. तिची माय बाळंतपणात गेली, म्हणून मामानं वाढवलं." तीन वाक्ये. जगातली कोणतीही प्रयोगशाळा ही तीन वाक्ये देऊ शकली नसती. शिवाय तिसरे वाक्य ऐकून माझ्या डॉक्टर मुलीने वही उघडली, कारण घरात कोण कशाने गेले हा प्रश्न ती रोज दवाखान्यात लोकांना विचारते.

ज्यांना तपासणी करायचीच आहे त्यांना अडवत नाही, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. थुंकी तुमची असली तरी माहिती एकट्याची नसते. भाऊ-बहीण, मुले, पुतणे सगळ्यांचे त्यात थोडे थोडे उघड होते. एखाद्या घरात दडलेली गोष्टही बाहेर येते आणि ती ऐकायला घर तयार नसते. म्हणून आधी घरच्यांशी बोला. दुसरे, ही माहिती जाते कुठे ते बघा. ट्वेंटीथ्री अँड मी ही या धंद्यातली नावाजलेली कंपनी. २०२३ मध्ये तिच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा आपली माहिती आणि नमुना नष्ट करून घेता येतो, याची आठवण कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांना लोकांना करून द्यावी लागली. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. डीएनए बदलता येत नाही. आणि आजाराची शंका असेल तर पूर्वज शोधणाऱ्या पेटीवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा.

माझे मागणे सोपे आहे. नोंदणीच्या टेबलावर मी एक-एक पानाचा कागद ठेवला आहे. वर तुमचे नाव. त्याखाली आई-वडील. त्याखाली दोन आज्या, दोन आजोबा. सर्वांत खाली आठ रकाने, चार पणजोबा आणि चार पणज्या. प्रत्येक रकान्यात नाव, गाव आणि बाईचे असेल तर माहेरचे नाव. मी आमच्या बॅचमधल्या काही जणांना हा कागद आधी देऊन पाहिला. पणजोबांची नावे बहुतेकांनी दोन-तीन तरी लिहिली. चारही पणज्यांची नावे एकालाही लिहिता आली नाहीत.

हे भरायला मदत कुठे मिळेल? आपल्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मगाव सापडते. जुन्या जमिनीच्या कागदांत सापडते. उर्दू वाचणारे मित्र आपल्याच वर्गात आहेत, त्यांना घेऊन बसा. सगळ्यांत आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि मोबाइलवर तिचे बोलणे रेकॉर्ड करा. आता सरकारनेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचे ठरवले आहे. आपल्या नातवंडांच्या पणतवंडांना हा त्रास पडणार नाही. मधल्या पिढ्यांचे काम आपल्यालाच करायचे आहे.

समोर पहिल्या रांगेत आपल्या बाई आणि सर बसले आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आई-वडिलांना त्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. कोण कुठून बदलून आले, कोणत्या क्वार्टरमध्ये राहिले, हे त्यांना आजही आठवते. जेवणाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा. कागद जेवणानंतर गोळा करायचे आहेत. रकाने रिकामे राहिले तर तसेच ठेवा, खोटे भरू नका. पुढच्या मेळाव्याला त्यातले किती भरले ते बघू.