रुग्णाची साक्ष



साहित्याच्या प्राध्यापकाने औषधोपचारांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु दुःखाला शब्द कसा सापडतो, हा साहित्याचा जुनाच प्रश्न आहे. आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत तो उपचाराचाही प्रश्न होतो.

या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला चढवते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या पायांना मुंग्या येत, एका डोळ्याला अंधुक दिसे, दुपारपर्यंत अंगातले त्राण जाई. पाहणारे म्हणत, “दिसतेस तर छान!”

नेमक्या एकाच लक्ष्याला चिकटणारे प्रतिपिंड, म्हणजे मोनोक्लोनल अँटीबॉडी, प्रयोगशाळेत निर्माण करण्याची रीत कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली दाखवली. त्यांपैकी रितुक्सिमॅब हे मूळचे कर्करोगावरील औषध. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली त्याच्या जोडीचे देशी औषध आणले आणि या व्याधीच्या भारतीय रुग्णांनाही तुलनेने स्वस्त वाट मिळाली. ही विद्यार्थिनी दर सहा महिन्यांनी बारडोलीहून सुरतेस जाते, काही तास सलाईन लावून पडून राहते. संसर्गाची धास्ती तिला सदैव असते. ती म्हणते, “सर, गेलेले परत येत नाही, आहे ते टिकते. काही घडले नाही, हेच औषधाचे यश. पण हा आनंद सांगायचा कोणाला?”

असे अनुभव केवळ घरगुती नसतात. नॅटालिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ साली मान्य झाले. मेंदूच्या जीवघेण्या संसर्गाचे रुग्ण आढळताच २००५ साली ते मागे घेण्यात आले. मार्च २००६ मध्ये शासकीय सल्लागार समितीपुढे रुग्ण स्वतः उभे राहिले. धोका जाणूनही निवडीचा अधिकार त्यांनी मागितला. त्याच वर्षी कडक देखरेखीच्या अटीवर औषध परतले. शास्त्रीय पुरावा तेथे होताच. त्याच्या शेजारी भोगणाऱ्याची साक्षही बसली.

बारडोलीकरांना हे नवे वाटू नये. १९२८ च्या सत्याग्रहापूर्वी येथील सारावाढ कागदावर ठरली होती. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना विचारले, तेव्हा २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. कागदाला जे दिसले नव्हते, ते माणसांनी सांगितले.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या व्याधीचा समावेश झाला आहे. कायद्याने नोंद घेतली. आता समाजाने कान द्यावा. डॉक्टरांजवळ वेळ थोडा असतो, म्हणून रुग्णाने आपला थकवा, बधिरता, भय मातृभाषेत, दिवसवार लिहून ठेवावे. आणि आपण, “दिसतेस तर छान” असे म्हणण्यापूर्वी, “आज कसे वाटते?” असे विचारावे, उत्तर पुरे होईतो थांबावे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांच्या शाळेने हा एक धडा पुढे न्यावा, एवढीच प्रार्थना.