सेन्सर पुन्हा पुन्हा का जातो?

गटाचा माल बाजारात नेणाऱ्या आमच्या टर्बो पेट्रोल गाडीचा ऑक्सिजन सेन्सर वर्षात दोनदा गेला. दोन्ही वेळा खर्च बचतीतून झाला.

हा सेन्सर धुराच्या नळीत बसून ऑक्सिजन मोजतो. आतला हीटर त्याला ७५० अंशांच्या आसपास तापवतो. तापल्या खापरावर पाणी पडलं की ते तडकतं. नळीत साचलेल्या पाण्याने सेन्सरचंही तसंच होतं. टर्बोचं सील गळून ऑइल जळलं, तर सेन्सरवर राखेचा थर बसतो. आमच्या गाडीचं दुखणं हेच निघालं. सील बदललं, आता सेन्सर टिकलाय.

म्हणून नवा सेन्सर घेण्याआधी मेकॅनिकदादांना विचारा: ऑइल किंवा कूलंट कमी होतंय का? नळी बदलली असेल तर सेन्सर वरच्या अंगाला बसवलाय ना? आधी कारण शोधा, मगच पैसे मोजा.