संतांनी बांधावर काय पाहिलं

वडीलधारे विणेकरी, टाळकरी-मृदंगी मंडळी, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या मायमाउल्या, आणि मुंबईहून रजा काढून आलेली आमची पोरंसोरं, सर्वांना माझा दंडवत. मला समितीच्या मंडळींनी सांगितलं, बुवा, अर्धा तास बोला, पण कीर्तनासारखं नको, साधं बोला, कारण ते लिहून घेऊन अंकात छापायचं आहे. माझं शिक्षण चौथी. म्हसळ्याच्या डोंगरपट्टीत चार खाचरं भाताची आणि थोडी वरकस, एवढा माझा पसारा. दिवसा शेती आणि रात्री कीर्तन, चाळीस वर्षं हेच केलं. तेव्हा शास्त्रातलं मोठं काही माझ्याकडून निघायचं नाही. पण लोक मला एक प्रश्न नेहमी विचारतात. संतांना हे सगळं सुचलं कसं? शाळा नाही, कागद नाही, आणि शब्द तर असे की सातशे वर्षं झाली तरी ताजे. देवानं सुचवलं, हे उत्तर खरंच आहे. पण देवानं ते कशातून सुचवलं, ते मला शेतात थोडं थोडं दिसत आलं आहे. तेवढंच सांगतो.

मृगाच्या आधी आपल्याकडे पावशा ओरडायला लागतो. दिवसभर, कधी कधी रात्रीसुद्धा. तो काय म्हणतो? इथं बसलेलं कुठलंही म्हातारं माणूस सांगेल, तो म्हणतो ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. आता हाच पक्षी उत्तरेकडे पपीहा, आणि तिकडच्या लोकांना त्याच्या ओरडण्यात ऐकू येतं, ‘पी कहाँ’, म्हणजे माझा जिवलग कुठे आहे. पाखरू एकच, गळा एकच. पण आमच्या कुणबी बापजाद्याच्या घरात बी भरून ठेवलेलं, राब भाजून झालेला, डोळे आभाळाकडे लागलेले, म्हणून त्याला त्यात पेरणी ऐकू आली. तो माणूस कोण, कुठल्या गावचा, कुणाला माहीत नाही. पण मी म्हणतो तो कवी होता. पाखराच्या आवाजाला त्यानं माणसाचा शब्द दिला आणि तो शब्द अख्ख्या मुलखानं उचलला. याच्यापेक्षा कवीनं आणखी काय करायचं असतं?

आता माउलींकडे येऊ. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेच्या काठी नेवाशाला सांगून पूर्ण झाली. पहिल्याच अध्यायात अर्जुनाला मोह पडतो. एवढा मोठा योद्धा, आणि आपल्या माणसांची माया आडवी आली तशी गात्रं गळाली. हे समजावून सांगायला माउली भुंगा आणतात. कोरडं कठीण लाकूड पोखरणारा भुंगा, पण कमळाची कोवळी पाकळी मिटली की आत अडकून पडतो, ती त्याला फोडवत नाही. कीर्तनात हा दृष्टांत सगळेच सांगतात. पण सांगणाऱ्यानं भुंगा लाकूड पोखरताना पाहिलेला असला तर सांगण्यात फरक पडतो. माझ्या गोठ्याच्या वाशाला दरवर्षी उन्हाळ्यात तो काळा भुंगा येतो. करवंदाएवढा जीव. वासा चांगला जुना, खिळा मारायचा तर वाकतो. आणि हा बोटभर रुंदीचं भोक पाडतो, इतकं गोल की सुताराच्या गिरमिटानं पाडल्यासारखं. खाली गाईच्या पाठीवर पिवळा भुसा पडलेला असतो. कान लावला तर आत कुरकुर ऐकू येते. ती कुरकुर ऐकल्यावर मग कळतं की माउली काय म्हणतात. ज्याला वासा अडवत नाही त्याला पाकळी अडवते. जोर कमी पडत नाही, मनच होत नाही. अर्जुनाचं तसंच झालं.

बाराव्या अध्यायात पाण्याचा दृष्टांत आहे. माळी नेईल तिकडे पाणी निमूट जातं, तसं माणसानं व्हावं, असा त्याचा भाव. आता ही ओवी घाटावरची आहे, बरं का. आपल्याकडे आषाढात पाणी आणायचं नसतं, घालवायचं असतं. बांधाला खांड पाडली की पाणी खालच्या खाचरात धावतं, कोणाला विचारत नाही. आणि खेकड्यानं बांधात बीळ केलं तर चोरून तिथूनही निघून जातं. तेव्हा आमच्या पोरांना ही ओवी सांगायची तर मी त्यांना सुपारीच्या वाडीत नेतो. उन्हाळ्यात पाट सोडलेला असतो. माणूस फावड्यानं एक ढेकूळ उचलतो आणि दुसरीकडे ठेवतो. पाणी क्षणभर तिथं थांबतं, थोडं चढतं, आणि वळतं. कुरकुर नाही. ते क्षणभर थांबणं पाहण्यासारखं आहे. मला वाटतं माउलींनी ते नुसतं ऐकून लिहिलेलं नाही, एखाद्या मळ्यात उभं राहून पाहिलेलं आहे.

सावता महाराज तर जन्मभर मळ्यातच राहिले. अरण हे त्यांचं गाव, सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. पंढरपूर तिथून फार लांब नाही, तरी मळा सोडून ते वारीला गेले नाहीत, पांडुरंगच त्यांच्याकडे आला, असं आपली परंपरा सांगते. त्यांना भाजीपाल्यात देव दिसला. हे सांगताना काही बुवा असं सांगतात की जणू सावता महाराजांनी भाजीकडे पाहिलंच नाही, तिच्या आरपार देवाकडे पाहिलं. मला हे पटत नाही. ज्यानं मुळ्याचं पान कीड लागलं म्हणून उलटून पाहिलं नाही, त्याला त्या पानात विठ्ठल कसा दिसेल? आधी पान नीट दिसायला पाहिजे.

समर्थ आपल्या संप्रदायातले नाहीत, पण ते आपल्या वाटेवर आहेत म्हणून सांगतो. आपली दिंडी माणगाव, महाड करून वरंध घाट चढते. त्या घाटाच्या पायथ्याला आत शिवथरघळ आहे, दासबोध तिथं लिहिला असं मानतात. लावणी उरकल्यावर श्रावणात एकदा तिथं जाऊन उभे राहा. घळीच्या तोंडावरून पाणी पडतं, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. समर्थांनी त्या पाण्यावर कवन केलं आहे, आणि ते मोठ्यानं म्हटलं की आपल्या तोंडातच पाणी आदळतं. कान उघडे ठेवून बसल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

आता कोणी म्हणेल, बुवा, पाखरं, पाणी, पालवी, हे सगळं गोड गोड झालं. निसर्ग काय नुसता गोड असतो? नसतो. तुकाराम महाराजांना विचारा. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. महाराजांची पहिली बायको त्यात गेली, मूल गेलं, दुकानाचं दिवाळं निघालं. पावसानंच त्यांना मारलं म्हणा ना. आणि तो माणूस त्यानंतर गेला कुठे, तर भामचंद्राच्या डोंगरावर आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर. झाडाझुडपांना आपल्या नात्यातली माणसं म्हणणारा अभंग त्यांचाच आहे. ज्याच्या घरची माणसं गेली त्यानं झाडांना सोयरे म्हटलं, हे ध्यानात ठेवून तो अभंग म्हणावा. हल्ली तो झाडं लावण्याच्या कार्यक्रमाला म्हणतात, म्हणू देत, चांगलंच आहे. पण त्यात नुसती सावली नाही.

आपणही ते पाहिलं आहे. 3 जून 2020. निसर्ग वादळ. नाव पाहा काय ठेवलं होतं! श्रीवर्धनकडून ते आपल्यावर आलं त्या दुपारी काय झालं ते इथं कोणाला सांगायची गरज नाही. नारळी-सुपारीच्या वाड्या काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. आजोबांनी लावलेले आंबे मुळासकट आडवे. घरावर कौल राहिलं नाही, आणि वर करोना. त्या वर्षी आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी. बसनं पंढरपूरला गेल्या. आपली दिंडी कार्तिकीची, कारण आषाढात आपला कोकणातला माणूस चिखलात लावणीला उभा असतो. पण त्या साली कार्तिकीलाही पायी जाता आलं नाही. वयाच्या विसाव्या वर्षापासून मी कार्तिक शुद्ध एकादशीला घरी नव्हतो. तेव्हा त्या दिवशी काय करावं ते समजेना, म्हणून वरकशीत गेलो. तिथं आमचा मोठा आंबा पडला होता. अर्धी मुळं उपटून आभाळाकडे झालेली, अर्धी अजून मातीत. त्याला तांबूस पालवी आली होती. आणि मी काय पाहिलं, तर खोड आडवं, फांद्या आडव्या, पण पालवीचा प्रत्येक धुमारा वळून सरळ उभा झालेला, वर आभाळाकडे. पडलेल्या झाडाला वर कुठे आहे ते माहीत होतं.

मी तिथं बसलो आणि चरण जुळायला लागले. अभंगाचं माप आपल्याला माहीत आहे. सहा अक्षरं, पुन्हा सहा, पुन्हा सहा, आणि शेवटी चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. हे माप मला पुस्तकातून कळलं त्याच्या आधी लावणीत कळलं होतं. आवणाची मूठ डाव्या हातात, उजव्या हातानं रोप रोवत मागं सरायचं, आणि बाया गात असतात. शेवटचा चरण आखूड का, तर तिथं दम घ्यायचा असतो आणि पाय चिखलातून काढायचा असतो. पंडित लोक याचं कारण दुसरं सांगतील. माझं कारण हे आहे. तर त्या दिवशी बोटांवर अक्षरं मोजत मी पहिला चरण धरला, दुसरा धरला, चौथा तर आपसूक आला. तिसरा अजून बसत नाही. एक अक्षर जास्त होतं, ते काढलं की आंबा पडतच नाही. म्हणून तो अभंग इथं म्हणत नाही.

आता माझ्या मनातली खरी काळजी बोलतो. बहिणाबाई चौधरी तुम्हांला माहीत आहेत. जळगावजवळच्या आसोद्याला 1880 साली जन्म, अक्षरओळख नाही, शेतकऱ्याच्या घरची सून, लवकर विधवा झाल्या. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गाणी रचत. पेरणीवर, मोटेवर, सुगरणीच्या खोप्यावर. (खोपा विणतो तो नर असतो, पिवळ्या डोक्याचा, हे मी आमच्या विहिरीवरच्या शिंदीवर पाहिलं आहे. भाताच्या पातीची चीर काढून चोचीनं टाके घालतो, आत चिखलाचे गोळे चिकटवतो. मादी येऊन पसंत करते. पण कवितेत बाईनं आईपण पाहिलं, तेही खोटं नाही, पिलं तीच वाढवते.) त्या गात, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातला एक मुलगा ते टिपून ठेवत. 1951 साली बाई गेल्या. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि 1952 साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्या न शिकलेल्या बाईचं नाव आहे. कोणी टिपलं नसतं तर? बाईबरोबर सगळं सरणावर गेलं असतं.

आणि आपल्या गावांतून ते रोज जातं आहे. ताम्हिणी घाटाच्या पलीकडे मुळशीत आणि आणखी कितीतरी ठिकाणी पुण्याच्या हेमाताई राईरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर झाल्या. घाटाच्या अलीकडे आपल्या बाया काय कमी गात होत्या? आमच्या आजीला पावसाची, खाडीच्या भरतीची, मुंबईला बोटीनं गेलेल्या भावाची ओवी यायची. आता गिरणी आली, जाती पालथी पडली. खाचरं पड राहिली, कारण करायला घरात माणूस नाही. माझ्या शेजारची सात खाचरं पड आहेत, तिथं गवत माजलं आहे. भात नाही तर खोप्याला पात कुठली? शिंदीवर मागे पंधरा-वीस खोपे लोंबायचे, गेल्या साली चार मोजले. आमची पोरं टाळ उत्तम वाजवतात, चाली तर माझ्यापेक्षा सुंदर लावतात. पण परवा एकानं मला विचारलं, बुवा, पाट म्हणजे बसायचा ना? त्याला हसू नका. त्यानं पाहिलाच नाही तर त्यानं काय करावं?

म्हणून समितीला मी एकच मागणं घातलं आणि त्यांनी ते मान्य केलं आहे. देवळात विणा ठेवतो त्या कोनाड्यात एक दोनशे पानी वही ठेवली आहे. ज्याच्या घरी म्हातारी आहे त्यानं तिच्याजवळ बसावं आणि ती सांगेल ती ओवी तिच्याच बोलीत, शुद्ध-अशुद्ध न पाहता लिहून आणावी. कुठल्या कामाच्या वेळी म्हणायची तेही लिहावं. आणि पोरांनी स्वतः काही पाहिलं असेल, भुंगा म्हणा, खेकडा म्हणा, तर तेही लिहा, अभंगच झाला पाहिजे असं नाही.

सुरुवात मी केली आहे. माझी चुलती ऐंशीच्या वर आहे. तिनं तीन ओव्या सांगितल्या, त्या वहीत उतरवल्या. चौथी तिच्या ओठावर होती, पण येईना. म्हणाली, बाबा, नुसतं बसून नाय आठवत, हाताला जातं पायजे. जातं पडवीत आहे, पण खुंटा मोडलेला आहे. सुताराला सांगितलं आहे, दिंडी परत आली की बसवून देतो म्हणाला.

रामकृष्ण हरी.